अंगावर येतो

माझ्या थोरल्या जाऊबाईंना कुत्र्याची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे. पलीकडच्या फुटपाथावर कुत्रं झोपलेलं असलं, तरी त्या अलीकडच्या फुटपाथावरून भिंतीला चिकटून चालायच्या. लहानपणी एकाने पोटरीचा चावा घेतला होता, त्याचा व्रण साठीपर्यंत गेला नव्हता. आणि ह्याच बाईंनी निवृत्तीनंतर कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम धरलं. लोकांना सांगितलं की हसतात. हसण्यासारखं आहेच. पण पुढे जे झालं, त्यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. एकाच इमारतीत त्या खाली राहतात, आम्ही वर. तीस वर्षं त्यांनी बालवाडीत शिकवलं. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर शेरे लिहावेत तर त्यांनीच. एका पोराने वर्षभर वर्गातल्या झाडून सगळ्यांना ओरबाडलं. त्याच्या पुस्तकावर वहिनींनी लिहिलं, ‘मित्रांशी जवळीक साधण्याचा सतत प्रयत्न करतो.’ आई खूश, बाई मोकळ्या. मी विचारलं, “वहिनी, हे खोटं नाही का?” तर म्हणाल्या, “खोटं कुठे? ओरबाडायला जवळच जावं लागतं.”

आमच्या रस्त्याच्या टोकाला हा निवारा आहे. पूर्वीचं गोदाम. मधून लांब बोळ, दोन्ही बाजूंना जाळीच्या खोल्या, बोळाच्या कडेने पाणी वाहून जायला गटार. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस चादरी-फडकी धुवायला जाते. निवारा चालवणाऱ्या मॅडमना जाळीवरच्या पाट्या रंगवायला कोणीतरी हवं होतं. मी बोलून गेले, की आमच्या जाऊबाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे. झालं.

पहिल्या दिवशी त्या बोळातून चालल्या त्या अगदी मधोमध, कोपर अंगाशी आवळून, ओठ पुटपुटत. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत. विचारलं, “कुठलं हो?”

“स्तोत्र कुठलं सुचतंय! बेचा पाढा म्हणतेय.”

जुनी पाटी अशी असायची : ‘क्र. ३१. मादी. वय अंदाजे ७. लसीकरण पूर्ण.’ ती वाचून वहिनी म्हणाल्या, “अगं, ही काय कैद्याची पाटी आहे? हे वाचून कोण घरी नेईल?” मग त्यांनी एक स्टूल मागून घेतलं. बोळाच्या मधोमध ठेवून एकेका जाळीसमोर तासतासभर बसायला लागल्या. हात कोणाला लावायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. ज्याला भीती वाटते ना, तो डोळ्यांत तेल घालून बघतो. एकतीस नंबरची पाटी त्यांनी अशी लिहिली : ‘नाव गठुडं. दिवसभर झोपते. अनोळखी माणसावर भुंकते, पण मागे सरत सरत. नव्या घरी पहिले तीन दिवस जेवणार नाही, घाबरू नका. चौथ्या दिवशी भांडं चाटूनपुसून ठेवेल.’

मॅडम हसल्या. “बाई, आपण कुत्री देतोय, मुली उजवत नाही.”

“मुली उजवताना लोक लपवतात. मी लपवत नाहीये,” वहिनी म्हणाल्या.

गठुडं पुढच्याच रविवारी गेली. पिल्लू न्यायला आलेला एक शिंपी पाटीसमोर थांबला, दोनदा वाचली, आणि सात वर्षांची ती लठ्ठ कुत्री घेऊन गेला. तोपर्यंत निवाऱ्यातून महिन्याला दोन-तीन पिल्लं जायची. मोठं जनावर आत आलं की आतच म्हातारं व्हायचं. वहिनींच्या पाट्या लागल्यावर मोठी जायला लागली. कारण फार सोपं होतं. न्यायला येणारी माणसंही आतून घाबरलेलीच असतात. भुंकेल का, चावेल का, सोफा फाडेल का, एकटं ठेवलं तर रडेल का, हे विचारायची त्यांना लाज वाटते. वहिनींना न विचारताच ठाऊक होतं, कारण ते प्रश्न त्यांचेच होते. गेलेल्या जनावरांच्या पाट्या ऑफिसच्या भिंतीवर टांगायची पद्धत पडली. दीड वर्षात एक भिंत भरली.

पण त्यांच्या कामात एक भोक होतं, ते आमच्यापैकी कोणाला दिसलं नाही. स्टुलावरून दिसेल तेवढं त्या बघायच्या. न दिसणारं वहीतून घ्यायच्या. वही लिहायचे पाणीवाले काका. ते खोल्या धुवायचे, पाणी भरायचे, आणि फाटकाशी कोणी जनावर सोडायला आलं की दोन ओळी खरडून ठेवायचे. काकांचं लिहिणं म्हणजे तार. शब्दाला पैसे पडत असल्यासारखं.

पैलवान आला तो असाच. बरगड्या मोजून घ्याव्यात असा वाळका, म्हणून पैलवान. तपकिरी, एक कान दुमडलेला. वहीत काकांच्या अक्षरात होतं : ‘मालक घर बदलतात. खाणं ठीक. मुलांच्या अंगावर येतो.’

वहिनींनी वाचलं तेव्हा मी शेजारी चादरींच्या घड्या घालत होते. त्या हसल्या. “बघ गं, आमच्या बालवाडीतली अशीच. दार उघडलं की सगळी अंगावर.” आणि पाटीवर लिहिलं : ‘लहान मुलांचा फार लळा. अंगाखांद्यावर येऊन खेळतो.’

मीही वाचली ती पाटी. मलाही काही खटकलं नाही. हे सांगायलाच हवं. काका तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. ते असते तर पाटी लागलीच नसती.

रविवारी एक जोडपं आलं. सोबत तीन वर्षांची मुलगी. आईने पाटी तीनदा वाचली. म्हणाली, “आमची एकटीच असते हो घरात. हिला सोबत होईल.” फॉर्म भरला, सही झाली. मुलीने बोळातल्या प्रत्येक जाळीला हात हलवून टाटा केला. पैलवान मान खाली घालून, शेपूट पायात घेऊन त्यांच्यामागे गेला. वहिनींनी पाटी काढून ऑफिसात टांगली. दुसऱ्या भिंतीवरची ती पहिली.

मंगळवारी सकाळी काका रजेवरून आले, काळा चष्मा लावून. भिंतीसमोर उभे राहिले.

“पैलवान गेला? बरं झालं. कोणाकडे?”

“चांगलं घर आहे,” वहिनी म्हणाल्या. “तीन वर्षांची गोड मुलगी आहे त्यांना.”

काकांनी चष्मा काढला. पाटी खिळ्यावरून काढून नाकाशी धरली. “हे कोणी लिहिलं?”

“मीच. तुमच्या वहीतलंच आहे.”

“माझ्या वहीत हे नाही. मी लिहिलं होतं, अंगावर येतो.”

“तेच की. मी जरा नीट करून लिहिलं.”

“अहो बाई!” काका ओरडलेच. “अंगावर येतो म्हणजे अंगावर येतो! धावून येतो! पोर दिसलं की धावून जातो हा!”

मागे धुण्याचं यंत्र घरघरत होतं, ते मी बंद केलं. वहिनींचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्यांनी फार हळू विचारलं, “काका, सोडायला आलेल्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या?”

“हेच. ‘पोरांच्या अंगावर येतो हो.’ आणि गाडीत बसल्या.”

“रागाने म्हणाल्या की कौतुकाने?”

“सामानाची गाडी चालू होती मागे. राग काय नि कौतुक काय, शब्द ऐकू आले हेच नशीब.”

त्या बाईंचा नंबर लावून पाहिला, बंद होता. मग मुलीच्या घरचा लावला. वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या वेळी दोनदा वाजून कापला.

“कापला म्हणजे घरात माणूस आहे,” मी म्हटलं.

“घरात की दवाखान्यात?” वहिनी म्हणाल्या.

मॅडम कामासाठी बाहेर होत्या. वहिनींनी फॉर्म काढून घेतला, पत्ता वाचला, आणि चपला घालायला लागल्या. त्या घरात कुत्रा आहे, हे त्यांच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. मी म्हटलं, “थांबा, मी येते.”

बसने चाळीस मिनिटं लागतात. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते त्या चाळीस मिनिटांत कळलं. वहिनींनी फॉर्मची घडी घालून घालून काडेपेटीएवढी केली. मधेच म्हणाल्या, “धाकटे, तिच्या डाव्या गालावर खळी होती बघ.”

“वहिनी, नका ना.”

पुढच्या सीटवर कोणाचं तरी पोर रडायला लागलं. आम्ही दोघी एकदम दचकलो. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, त्या बाईंनी कौतुकाने म्हटलेलं असू दे. मग माझं मलाच वाटलं, जे बोलून झालं ते आता तो कसं बदलणार? तेव्हा नुसतं म्हटलं, पोरीला सांभाळ.

“तीस वर्षं मी वाईट शब्द घेऊन चांगला करत आले,” वहिनी खिडकीकडे बघत म्हणाल्या. “कोणाचं काही बिघडलं नाही. मला वाटायचं, माझ्या शब्दांमुळे. पोरांची नखं लहान होती गं, एवढंच.”

इमारत जुनी, घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात अंधार होता. दाराबाहेर चपला होत्या, त्यांत लाल रंगाचा एक छोटासा बूट. एकच. दुसरा दिसेना. आतून भुंकणं नाही, मुलीचा आवाज नाही, भांड्यांचाही आवाज नाही. वहिनींनी घंटी दाबली. काहीच हललं नाही. मी देवाचं नाव घेत होते, पण शेवटपर्यंत एकदाही नीट घेता आलं नाही. दुसऱ्यांदा दाबली तेव्हा कडी सरकली आणि आईचा चेहरा दिसला. आम्हाला पाहून ती उंबऱ्यातच थिजली.

“तुम्ही त्याला न्यायला आलात?”

“मुलगी कुठे आहे?” वहिनी म्हणाल्या.

“झोपलीय.”

“बरी आहे?”

तिने मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

“बरी आहे,” ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, “कोपर खरचटलंय थोडं. तो... येतो हो अंगावर.”

पुन्हा तोच शब्द. वहिनींनी दाराची चौकट धरली. “कसा येतो? नीट सांगा. काय झालं, तेवढंच सांगा.”

तिने आम्हाला आत घेतलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मुलीने आपली छोटी छत्री उचलून डोक्यावर नाचवली. पैलवान खोलीच्या त्या टोकाहून सुटला तो थेट तिच्यावर. ती पडली, कोपर फरशीवर घासलं. तो गुरगुरत वर उभा राहिला. चावला नाही. आईने त्याला न्हाणीघरात कोंडला. मग तो आतून रडायला लागला, मुलगी बाहेरून रडायला लागली, आणि हिने दार उघडलं.

“ह्यांना सांगितलं नाही मी. फोनही मीच कापला. वाटलं, शेजारच्यांनी तुम्हाला कळवलं असणार.” तिचे डोळे भरून आले. “दोन दिवसांत पोरगी हसायला लागलीय हो.”

“आत्ता कुठे आहे तो?”

“तिच्या खाटेखाली.”

“एकाच खोलीत? दोघं?” वहिनी म्हणाल्या, आणि कुत्रं दिसलं की भिंतीला चिकटून चालणाऱ्या त्या बाई विचारल्याशिवाय आतल्या खोलीत शिरल्या. मी मागे.

मुलगी आमच्या आवाजाने जागी होऊन खाटेवर उभी राहिली होती. पाहुणे आलेले बघून तिला आनंद झाला. लहान पोराला आनंद झाला की ते आपली वस्तू दाखवतं. तिने उशीजवळची छत्री उचलली. “माझी!” म्हणत ती हात वर नेऊ लागली, आणि खाटेखालून तो आवाज आला. गुरगुर नव्हे, त्याच्याही आधीचा, घशातला.

वहिनी दोन पावलांत मधे गेल्या. तिच्या हातून छत्री ओढून घेतली. आणि घाबरलेल्या माणसाचा हात जातो तसा त्यांचा हात वर गेला, छत्रीसकट.

तो आला. खाटेखालून निघाला कधी नि छातीवर पाय टाकले कधी, मला दिसलंच नाही. वहिनी भिंतीवर आदळल्या. त्याचं तोंड त्यांच्या गालाशी होतं. आईने मुलीला उचललं. वहिनींचे डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. बे एके बे. बे दुणे चार. माझ्या कानांनी ऐकलं मी.

पैलवानने मान वर केली, त्यांच्या मुठीतून छत्री दातांत धरली, ओढून काढली, आणि खाली उतरला. टेबलाखाली गेला. छत्री पोटाखाली घेऊन तिच्यावर बसला आणि थरथर कापायला लागला. इकडे वहिनी भिंतीला टेकून तशाच कापत होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे कोण कोणापाठी होतं, ते सांगता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या जमिनीवर बसल्या. “याला मारलंय कोणीतरी,” त्या म्हणाल्या. “वरून, काठीने. मुलांनीच, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.”

“मग मी सगळं उचलून ठेवते,” आई घाईघाईने म्हणाली. “छत्री, काठी, झाडू, सगळं. तिच्या हाताला लागू देणार नाही. राहू द्या ना.”

“तीन वर्षांचं पोर दिवसातून शंभरदा हात उगारतं, बाळ. चमचा उगारेल, चप्पल उगारेल. शंभर वेळा तुम्ही बघाल. एकशे एकाव्या वेळी दूध उतू जात असेल.” वहिनी म्हणाल्या. “पाटी मी चुकीची लिहिली. चूक तुमची नाही, त्याची नाही. मी त्याला घेऊन जाते.”

मुलगी आईच्या खांद्यावरून बघत होती. “पैलवान शाळेत चालला?”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “शिकायला.”

टॅक्सीत तो आमच्या पायांशी बसला. पट्टा वहिनींच्या हातात होता. जन्मात पहिल्यांदा. त्यांनी तो मुठीभोवती दोनदा गुंडाळला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

मॅडम परतल्यावर व्हायचं ते झालं. “पुरे झाल्या पाट्या,” त्या म्हणाल्या. “नंबर लिहीत होतो तेच बरं होतं. निदान कोणी फसत नव्हतं.”

“पाट्या काढा म्हणत असाल तर काढते,” वहिनी म्हणाल्या. “पण वही अशीच राहिली, तर पाटी नसतानाही हेच होईल. त्या आईने काकांना विचारलं असतं, तर काकांनीही अंगावर येतो एवढंच सांगितलं असतं. तिने कसं घेतलं असतं, देव जाणे.”

मॅडमनी वही त्यांच्याकडे सरकवली. वहिनींनी वहीच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. अजून आहे तो. ‘अंगावर येतो असे लिहू नये. चांगला, वाईट, लाडका, खुनशी असे काही लिहू नये. त्याने काय केले, कोणाला केले, आणि त्या वेळी समोरच्याच्या हातात काय होते, ते लिहावे.’

“म्हणजे आता कादंबरी लिहायची का मी?” काका म्हणाले.

“लिहा. शुद्धलेखन मी तपासते.”

त्या दिवसापासून स्टूल कोपऱ्यात गेलं. पाटी लिहिण्याआधी वहिनी स्वतः जाळीच्या आत जाऊन बसतात. पाढा म्हणत. जनावर नव्या घरी गेलं की तिसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन दार वाजवतात, आधी फोन न करता. घाबरलेली माणसं फोन उचलत नाहीत, हे त्यांना आता माहीत झालंय. ह्यामुळे वर्षभरात एकही जनावर परत आलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन आली. पण वेळेवर आली, कोणाला काही होण्याच्या आत.

पैलवानची नवी पाटी अशी आहे : ‘समोर हात उगारला की धावून येतो. आजवर चावलेला नाही. चावणार नाही, असे मी लिहू शकत नाही. लहान मुलांच्या घरी नको. एकटा ठेवला तर रडतो.’ ही पाटी वाचून लोक पुढे जातात. एक म्हातारे गृहस्थ मात्र थांबले. घरी एकटेच होते. तासभर त्याच्यासमोर बसले, तोही जाळीला नाक लावून बसला. जमलंच होतं. मग ते उठायला लागले आणि त्यांनी बाकाला टेकवलेली काठी हातात घेतली. पैलवान मागच्या भिंतीपर्यंत सरकला, दात दाखवत. वहिनींनी स्वतः त्या गृहस्थांना फाटकापर्यंत पोचवलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून बालवाडीची लाकडी फूटपट्टी काढली. ती त्यांनी कधी कोणावर उगारली नव्हती, रेघा मारायलाच वापरली होती. दुपारी त्या जाळीच्या आत जमिनीवर बसल्या आणि पट्टी फरशीवर ठेवली. पैलवान कोपऱ्यात. तास झाला, बाहेर आल्या. पुढल्या दिवशी पट्टी फरशीपासून एक बोट वर. त्याच्या पुढल्या आठवड्यात दोन बोटं. चार महिने हे चाललंय. आत त्या, बाहेर कडीवर हात ठेवून मी. काही झालं तर कडी उघडायची की लावायची, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

काल पट्टी खांद्यापर्यंत गेली. पैलवानचा उभा कान मागे गेला. ओठ वर झाले, दात दिसले. घशातला तो आवाज आला, त्या खोलीत आलेला. वहिनींचा हात कापत होता, त्यामुळे पट्टीही कापत होती, आणि मला वाटलं, झालं, संपलं. पण हात एकदम खाली आला नाही. रोज येतो तसा हळूहळू आला. पट्टी फरशीला टेकली. तो जागचा उठला नाही.

बाहेर आल्यावर वहिनींना कडी लावता येईना, ती मी लावली. पाटीच्या खाली एक ओळ खडूने लिहिलेली असते, पुसून बदलता यावी म्हणून. ‘पट्टी : कोपरापर्यंत’ असं होतं.

“तू लिही गं धाकटे,” त्या म्हणाल्या. “माझ्याने आज लिहवणार नाही. आणि पूर्ण लिही. खांद्यापर्यंत, एकदा, दात दाखवून.”

मी तसंच लिहिलं.